जुनी बारव पुन्हा कामाला लावू या

आज आपण जुन्या वास्तूंबद्दल बोलू. वास्तू किती जुनी, कोणत्या राजाची, हे पुस्तकात सापडतं. आपला प्रश्न वेगळा आहे: ती दुरुस्त झाली, तर गावातल्या बायांच्या हाती काय येणार?

समुद्रकिनाऱ्यावर रात्री जहाजांना वाट दाखवायला दीपगृहं असतात. आता जहाजांना उपग्रहावरूनही वाट कळते, म्हणून सरकारनं बरीच दीपगृहं लोकांना पाहायला खुली केली. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी देशातल्या ७५ दीपगृहांवरच्या पर्यटन सुविधांचं लोकार्पण झालं. जुन्या वास्तूला नवं काम मिळालं, की तिथे चहा, जेवण, वस्तू विकणाऱ्यांनाही काम मिळू शकतं.

आपल्या छत्रपती संभाजीनगरला समुद्र नाही. पण लोकांच्या सोयीसाठी बांधलेल्या वास्तू आपल्याकडेही आहेत, त्या पाण्याच्या. मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी वसवली, तेच आजचं आपलं शहर. डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरीतून त्यानं शहरात आणलं, तेही केवळ उताराच्या जोरावर. पुढे अशाच नहरीच्या पाण्यावर पाणचक्की फिरली. वरून पडणाऱ्या पाण्यानं चक्र फिरायचं, जातं दळायचं आणि दर्ग्यात उतरलेल्या फकिरांना, वाटसरूंना भाकरी मिळायची. पण नहरीवर बांधकामं झाली, झाडांची मुळं शिरली, खापरी नळ फुटले. वरचा नळ फुटला की खालचं जातं थांबतं. वास्तू जगवायची तर तिच्या पाण्याची वाटही जगवावी लागते.

आता आपल्या गावाकडे येऊ. मराठवाड्यात गावोगाव बारवा आहेत. पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाता येतं, ती बारव. नळ आले, बोअर झाले आणि बारवांत कचरा पडू लागला. परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार बारव गावकऱ्यांनी श्रमदानातून मोकळी केली. साताऱ्याजवळ लिंब गावची बारा मोटेची विहीर तर विरूबाई भोसले या बाईनंच १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. पाण्याची सोय करणं हे बायांचंही काम होतं, हे विसरू नका.

तुमच्या गटानं बारव हाती घ्यायची ठरवली, तर खोऱ्याला हात लावण्याआधी ग्रामपंचायतीत जा. जागा कुणाची, वास्तू पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित आहे का, हे विचारा. संरक्षित असेल तर लेखी परवानगीशिवाय दगडही हलवू नका. नसेल तरी ग्रामसभेचा ठराव घ्या आणि सुरुवातीलाच चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा.

काम उन्हाळ्यात करा. सगळं पाणी एका दमात उपसू नका. बाहेरची माती ओली असते, तिचा दाब रिकाम्या भिंतीवर येतो आणि भिंत ढासळू शकते. डिझेल इंजिन खाली उतरवू नका, धूर साचून माणूस गुदमरतो. एकटीनं कुणीही उतरू नका. पिंपळाची मुळं ओढून काढू नका, त्यांच्याबरोबर चिरे निघतात, ती कापायची. निघालेला प्रत्येक घडीव दगड बाजूला जपून ठेवा. सिमेंट आणि ऑइलपेंट नको. जुनं काम चुन्याचं असेल, तर दुरुस्तीही चुन्याचीच हवी, कारण चुना ओल बाहेर सोडतो आणि सिमेंट ती आत कोंडून ठेवतं. पडलेली भिंत बांधायला जाणकार गवंडीच बोलवा.

गाळात काच, प्लास्टिक असतं, ते वेचून काढा. चांगला गाळ शेतात टाकता येतो. पाणी स्वच्छ दिसलं म्हणून पिऊ नका. जलजीवन मिशनमध्ये गावागावांत पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं आहे. तुमच्या गावात त्या कोण आहेत ते शोधा, त्यांच्याकडून तपासणी करून घ्या. तोवर ते पाणी झाडांना, जनावरांना, रोपवाटिकेला वापरा.

दुरुस्ती एकदा होते, राखण रोजची असते. म्हणून तीन गोष्टी आधीच लिहून घ्या. झाडलोट कोणत्या आठवड्याला कोणत्या गटाकडे? पाण्याचा पहिला हक्क कुणाचा? आणि पाहुणे येऊ लागले, तर चहा-भाकरीचा स्टॉल, वाहनतळाची वसुली, माहिती सांगण्याचं काम कुणाला? हे आधी ठरलं नाही, तर घमेली आपण उचलायची आणि ठेका दुसऱ्यानं घ्यायचा, असं होतं. उत्पन्नातला ठरलेला वाटा बारवेच्या वेगळ्या खात्यात टाका. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी गाळ काढायला तोच पैसा उपयोगी पडेल.

ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यायची असते, हा आपला कायद्यानं दिलेला हक्क आहे. येत्या महिला ग्रामसभेत बारवेचा विषय मांडा, या तीन प्रश्नांची उत्तरं ठरावात लिहून घ्या आणि ठरावाची प्रत ग्रामसंघाच्या दप्तरात ठेवा. मग खोरं-टिकाव काढू या.