जहाजाचा आराखडा आणि कारागिराचा हात

सुरत आणि जहाजबांधणी यांचे नाते फार जुने आहे. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया हे निष्णात सुतार सुरतेहून मुंबईच्या गोदीत गेले. त्यांच्या वंशातील जमशेटजी बमनजी यांनी बांधलेली आणि १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे. तिचे नकाशे ब्रिटनमधून आले होते. परंतु बाकदार फासळीसाठी मुळातच तशा बाकाचे लाकूड हुडकणे, ही मिस्त्रीची विद्या होती.

पोलादाला असा नैसर्गिक बाक नसतो. त्यातील प्रत्येक वक्रता श्रमाने घडवावी लागते. एकाच दिशेने वाकणारा पत्रा रुळांतून सहज निघतो. दोन्ही दिशांनी वाकणाऱ्या पत्र्यास मात्र दाब, उष्णता आणि अनुभवी हात लागतात. म्हणून जहाजाच्या गतीस बाध येत नसेल तेथे पत्रे सपाट किंवा एकवक्र ठेवणे, हे बांधणीसुलभ रचनेचे पहिले सूत्र होय.

दुसरे सूत्र जोडकामाचे. १२ मीटर रुंद आणि १० मीटर लांब तळपत्र्यावर ६०० मिलिमीटर अंतराने आधारपट्ट्या बसविल्यास मध्ये १९ पट्ट्या लागतात. अंतर ८०० केल्यास १४ पुरतात. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही बाजूंस वेल्डिंग धरल्यास ३८० मीटरचे काम २८० मीटरवर येते. परंतु पाण्याचा दाब तोच असल्याने पत्र्याची जाडी साधारण अंतराच्या प्रमाणात वाढवावी लागते. ९ मिलिमीटरच्या जागी १२ लागतात. श्रम वाचतात, वजन वाढते. हे वजन जहाज आयुष्यभर वाहते.

मालवाहू जहाजास हा सौदा कदाचित परवडेल. वेगवान नौकेस नाही. लार्सन अँड टुब्रोने तटरक्षक दलासाठी अॅल्युमिनियमच्या ५४ वेगवान गस्ती नौका बांधल्या, त्यांतील अनेक आपल्या हजिऱ्यास. अशा नौकेत सुलभता जाड पत्र्यात शोधता येत नाही. ती पुनरावृत्तीत शोधावी लागते, कारण आराखडा तोच राहिला की साचे आणि हातांचा सराव पुढच्या नौकेस उपयोगी पडतात.

सुलभतेचीही एक मर्यादा आहे. १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेने २,७१० ‘लिबर्टी’ जहाजे मोठ्या तयार खंडांतून जोडून बांधली. त्यांतील काहींना तडे गेले. डेकवरील मालद्वारांच्या काटकोनी कोपऱ्यांत ताण एकवटत असे आणि तत्कालीन पोलाद थंडीत ठिसूळ होई. कोपरे गोलाकार करणे व त्यांना बळकटी देणे, हा उपायाचा एक भाग ठरला. काटकोन कापणे सोपे होते. त्याची किंमत समुद्रात मोजावी लागली.

सारांश, बांधणीची सुलभता गोदीत नव्हे, आराखड्याच्या मेजावर ठरते. रेषा ओढताना अभियंत्याने स्वतःस विचारावे: या अरुंद कप्प्यात वेल्डरचा हात पोहोचेल काय? त्याला मोकळा श्वास घेता येईल काय? जेथे हात नीट पोहोचत नाही, तेथे जोड पक्का होत नाही. आणि त्याच जोडाच्या भरवशावर खलाशी समुद्रात जातात.