बुडबुडे थांबले म्हणजे आंबणे संपले का?

भाईंदरच्या पश्चिमेला उत्तनच्या किनाऱ्यावर ईस्ट इंडियन समाजाची जुनी वस्ती आहे. लग्नाला आणि नाताळाला तिथे मैद्याचे गोल फुगे तळतात. हे पीठ पूर्वी ताडीने फुगवीत. आता बहुतेक घरांत बाजारचे यीस्ट वापरतात. यीस्ट साखर खाते, कार्बन डायऑक्साइड सोडते आणि पीठ वर येते. पीठ वर आले की काम झाले. मोजमापाची गरज नाही.

घरगुती बिअरमध्येही यीस्ट हेच करते, पण तिथे वायू हे साध्य नसते. मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या गोड अर्कातील साखर कितपत संपली, हा खरा प्रश्न असतो. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी मद्य बनवणे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. इथे आपल्याला फक्त प्रक्रिया समजून घ्यायची आहे.) तरीही बनवणारे लोक नळीतून निघणारे बुडबुडेच मोजत बसतात.

बुडबुडे दोन्ही बाजूंनी फसवतात. झाकण सैल असेल तर वायू कडेने निसटतो, आणि जोमाने चाललेले किण्वनही बंद पडल्यासारखे दिसते. उलट, २० अंशाला एक लिटर बिअरमध्ये सुमारे ०.८५ लिटर वायू विरघळलेला राहतो. ३० अंशाला जेमतेम ०.६५ लिटर. म्हणजे भाईंदरच्या दुपारी भांडे नुसते तापले, तरी यीस्टने काहीही न करता बुडबुडे येतील!

भरवशाचा साक्षीदार म्हणजे घनता. आपल्या प्रयोगशाळेतला लॅक्टोमीटर पाणी घातलेल्या दुधात खोल बुडतो, तसाच हायड्रोमीटर साखर कमी होईल तसा खोल जातो. अर्काचे विशिष्ट गुरुत्व सुरुवातीला १.०५० असेल तर शेवटी ते १.०१० च्या आसपास येते. या ०.०४० फरकाला १३१ ने गुणले की अल्कोहोलचे आकारमानी प्रमाण मिळते, सुमारे ५.२ टक्के. वाचन १.००० पर्यंत का उतरत नाही? अर्कातल्या काही लांब साखळ्यांच्या शर्करा या यीस्टला पचत नाहीत. वाचनापूर्वी नमुना हलवून त्यातला वायू काढावा, कारण काट्याला चिकटलेले बुडबुडे त्याला वर उचलतात. २० अंशासाठी आखलेला काटा ३० अंशाला वापरला, तर वाचनात सुमारे ०.००२५ मिळवावे.

दोन-तीन दिवसांच्या अंतराने आकडा तोच आला आणि तो अपेक्षित शेवटाजवळ असला, तरच किण्वन पुरे झाले. १.०२५ वर स्थिरावला तर यीस्ट अडले आहे. अशी बिअर काचेच्या बाटलीत बंद करणे धोक्याचे. लिटरमागे उरलेली ४ ग्रॅम साखर नंतर आंबली, तर साधारण २ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ एक लिटर वायू तयार होतो. उरलेली साखर २० ग्रॅम असेल तर पाच लिटर! बाटल्या फुटतात त्या यामुळे.

दुसरी खूण आम्लतेची. अर्काचा सामू सुमारे ५.३ असतो, निरोगी किण्वनात तो एक-दोन दिवसांत ४.३ च्या आसपास उतरतो. तो ४ च्या बराच खाली गेला, तर आंबट करणाऱ्या जीवाणूंची शंका घ्यावी. बिअर नासते ती अशा परक्या सूक्ष्मजीवांमुळे, हे पाश्चरने १८७६ च्या ग्रंथात मांडले होते.

वर्गात हायड्रोमीटर नसला तरी तराजू असतो. १८० मिलिलिटर पाण्यात २० ग्रॅम साखर आणि अर्धा चमचा कोरडे यीस्ट घालून बाटलीला कापसाचा सैल बोळा लावा; बूच मुळीच नको. रोज वजन करा. सगळी साखर आंबली तर वायूच्या रूपाने सुमारे १० ग्रॅम वजन घटते. मात्र नुसत्या साखरेत यीस्टला नायट्रोजन मिळत नाही, त्यामुळे घट बहुधा आधीच मंदावते. शेजारी दुसरी बाटली ठेवून तिच्यात चमचाभर उकळून मारलेले यीस्ट अन्न म्हणून घाला आणि दोन्हींचे आलेख एकाच कागदावर काढा. प्रयोग संपल्यावर दोन्ही द्रावणे मोरीत ओतून द्यावीत.