आमचा हत्ती आकाशात गेला

माझं माहेर येवल्याचं. येवलं म्हटलं की तुम्हाला पैठणी आठवेल, पण आम्हा येवलेकरांना आधी पतंग आठवतो! भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस सगळं गाव गच्चीवर. जेवणंसुद्धा वरच. आसारीवरून सरसर दोरा सुटतोय, कुणाचा पतंग कटला की एकच आरडाओरडा. भाऊ पतंग उडवायचे आणि मी आसारी धरायची. मुलींच्या वाट्याला तेवढंच यायचं, आणि त्यात काही कमी आहे असं तेव्हा मला वाटलंही नाही.

अशा गावात वाढलेल्या माझ्या घरात दोन वर्षं पतंगाचं नाव काढायची बंदी होती. त्याचं असं झालं, की तीन वर्षांपूर्वी भोगीच्या संध्याकाळी हे स्कूटरवरून घरी येत होते. रस्त्यावर आडवा आलेला नायलॉनचा मांजा दिसलाच नाही. गळ्याला मफलर होता म्हणून निभावलं, तरी सात टाके पडले. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ सालीच बंदी घातली आहे, पण चोरून मिळतो तो मिळतोच. त्या रात्री सासूबाईंनी माळ्यावरची चक्री आणि पतंग काढून बंबात घातले. मी एक शब्द बोलले नाही. बोलणार तरी काय!

पण आमची लेक दहा वर्षांची. ‘बाबांना मांजाने कापलं, पतंगाने नाही,’ हे तिचं म्हणणं. संक्रांतीला ती खिडकीशी तोंड फुगवून बसायची. तिळाची वडीसुद्धा तोंडात घालायची नाही. मागच्या वर्षी शाळेच्या वाचनालयात (मी अर्धवेळ शिकवते तिथे) पतंगांवरचं एक पुस्तक हाती लागलं, आणि माझ्याच डोक्यात लख्ख प्रकाश पडला. काटाकाटी हा पतंगाचा एक खेळ झाला. जगात कितीतरी ठिकाणी लोक पतंग उडवतात ते केवळ बघून हसावं म्हणून!

आता जपानचा ‘याक्को’ पतंगच घ्या ना. याक्को म्हणजे सामुराई सरदाराचा नोकर. पतंगाला त्याचाच आकार; दोन्ही हात फैलावलेले, अंगरख्याच्या बाह्या वाऱ्याने फुगलेल्या, मिशा चढवलेल्या. जमिनीवर जो धन्यापुढे मान खाली घालून उभा राहायचा, तो पतंग होऊन धन्याच्या छपरावर डुलायचा. मला तर ही कल्पना भारीच आवडली. जपानमध्येच शिरोने इथे नदीच्या दोन्ही काठांवरून चोवीस चटयांएवढे प्रचंड पतंग चढवतात, ते एकमेकांत अडकवतात आणि मग दोन्हीकडची माणसं दोर तुटेपर्यंत रस्सीखेच करतात. चीनमधला गोमेचा पतंग तर पाहण्यासारखा. पुढे ड्रॅगनचं अक्राळविक्राळ डोकं आणि मागे एका ओळीत ओवलेल्या गोल चकत्या. प्रत्येक चकतीला दोन बाजूंना काडीचे पाय. ही वरात वाऱ्यावर खरोखर वळवळत चालते. तिथल्या वेइफांग शहरात १९८४ पासून पतंगांची आंतरराष्ट्रीय जत्रा भरते.

मलेशियातला चंद्राच्या आकाराचा ‘वाउ बुलान’ गातो! त्याच्या डोक्याशी धनुष्यासारखी एक कमान बांधलेली असते. तिची पट्टी वाऱ्याने थरथरते आणि भुंग्यासारखा गुंजारव ऐकू येतो. न्यूझीलंडच्या पीटर लिन यांनी तर काड्यांनाच रजा दिली. नुसतं कापड शिवायचं, वारा आत शिरून ते फुगतं, आणि मग आकाशात देवमासा किंवा आठ पायांचा ऑक्टोपस तरंगायला लागतो.

पण मला खरी ओढ लागली ती एका गृहिणीच्या पतंगाची. अमेरिकेतले विमानशास्त्राचे इंजिनिअर फ्रान्सिस रोगॅलो आणि त्यांची बायको गर्ट्रूड या दोघांनी १९४८ साली घरच्या घरी बिनकाडीचा पतंग तयार केला. कापड कुठलं? तर स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा! वाऱ्याची परीक्षा घ्यायला घरातला विजेचा पंखा लावला होता. १९५१ साली त्याचं पेटंट मिळालं ते दोघांच्या नावाने. पंखासारखं कापड लावून माणसं डोंगरावरून झेप घेतात ना, ते हँग ग्लायडर ह्याच पतंगावरून निघाले. ही हकिगत मी सासूबाईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, ‘पडद्याला हात लावशील तर खबरदार.’ म्हणजे पतंगाला हरकत नाही, असा अर्थ मी काढला.

आम्ही निवडला तो सर्वांत सोपा. कचऱ्याची मोठी काळी पिशवी उलगडली. अठरा इंच उंच आणि वीस इंच रुंद तुकडा घेतला. खराट्याचे दोन सरळ हीर उभे, एकमेकांपासून दहा इंचांवर, चिकटपट्टीने लावले. दोन्ही बाजूंना उरले पाच-पाच इंच. तिथे वरून सहा इंचांवर टोक ठेवायचं आणि तिथून वरच्या व खालच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं कापायचं. आडवी काडी नाहीच. वाराच त्याला उघडा ठेवतो. लेक म्हणाली, ‘आई, हे तर हत्तीचे कान!’ मग कागदाचे डोळे आणि सोंड चिकटवली. जुन्या पातळाच्या दोन लांब चिंध्या खाली शेपट्या म्हणून लावल्या. कानांच्या टोकांना दुहेरी चिकटपट्टी लावून भोकं पाडली आणि सहा फुटी दोऱ्याची दोन टोकं तिथे बांधली. दोऱ्याच्या ऐन मध्यावर फास घेऊन तिथे उडवायचा दोरा जोडायचा. दोरा म्हणजे गोधडी शिवायचा सुती. मांजा घरात येणार नव्हता, ही ह्यांची अट.

‘ऐन मध्यावर’ हे मी मुद्दाम लिहिते आहे. माझा फास बोटभर डावीकडे गेला, तर हत्तीने गरगर गिरक्या घेतल्या आणि शेजारच्या वहिनींनी वाळत घातलेल्या बोरांवर जाऊन कोसळला. शिवाय आमचा हत्ती डाव्या कानाला जरा मोठाही होता. दोन्ही बाजू अगदी सारख्या हव्यात, नाहीतर कितीही देखणा पतंग असो, तो एका अंगाने कलंडतोच. मी कान कापले, दोरा नव्याने मोजला, आणि एवढं होईपर्यंत वारा पडला! लेक रडकुंडीला आली.

दुसऱ्या दिवशी, करीला, चारच्या सुमाराला वारा उठला. हे गच्चीवर आले ते गळ्याशी हात धरूनच, कठड्यापाशी उभे राहिले. लेकीने हत्ती वर धरून सोडला आणि तो निघाला की हो! कान फुगले, शेपट्या फडफडल्या, आणि अवघ्या आळीतली पोरं ‘हत्ती, हत्ती’ म्हणून ओरडायला लागली. एकाने त्याला काटायला आपला पतंग आणला, तर बाकीच्यांनीच त्याला दटावलं.

सासूबाई खालून विचारत होत्या, ‘अगं, कुठवर गेला?’ त्यांना उत्तर द्यायला लेक जिन्याकडे धावली आणि दोरा माझ्या हातात आला. मी मागे वळून पाहिलं. दोऱ्याचं रीळ ह्यांनी धरलं होतं.