गुरांचे इंजेक्शन, गिधाडे आणि आपला धंदा

आमच्या सायखेड्यावरून वाहणारी गोदावरी जिथे उगम पावते, त्या त्र्यंबक-अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची थोडी गिधाडे अजून टिकून आहेत. अंजनेरीला 2017 साली त्यांच्यासाठी राखीव क्षेत्र जाहीर झाले. कापडाच्या व्यापाऱ्याला गिधाडांचे काय पडले आहे, असे वाचक विचारतील. पण या पानाच्या वाचकांत बकऱ्या-म्हशींचे व्यापारी आहेत, दूधवाले आहेत, चामड्याचे कारागीर आहेत, आणि हा मामला सरळ त्यांच्या मालाशी जोडलेला आहे.

पूर्वी गावाबाहेर मेलेले ढोर टाकीत. कातडे सोलणारा आपले काम उरकून गेला की गिधाडे उतरत आणि पाहता पाहता सांगाडा स्वच्छ करीत. मागाहून हाडे गोळा करणारा येई. सडके मांस पचवण्याची अजब ताकद या पक्ष्याच्या पोटात आहे. तिथले आम्ल इतके जहाल की बहुतेक रोगजंतू त्यातच मरतात. मानेवर पिसे नसल्यामुळे घाणही चिकटून राहत नाही.

1990 नंतर ही गिधाडे झपाट्याने मरू लागली. 1992 ते 2007 या काळात देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एक इतकीच उरली. आधी साथीच्या रोगाचा संशय होता. मग पाकिस्तानच्या पंजाबात मेलेल्या गिधाडांची चिरफाड झाली. मूत्रपिंडे निकामी आणि काळीज-यकृतावर पांढरा थर, असे आढळले. थर युरिक आम्लाचा होता. कारण निघाले डायक्लोफेनॅक, म्हणजे लंगड्या-तापलेल्या गुरांना टोचायचे स्वस्त वेदनाशामक. 2004 साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. शंभर मेलेल्या जनावरांत एकात जरी हे औषध असले तरी गिधाडांची जात बुडायला पुरेसे आहे, असा हिशेब निघाला. एका मुडद्यावर सारा थवा बसतो, त्यामुळे हा हिशेब खोटा वाटत नाही.

सरकारने 2006 साली गुरांसाठी हे औषध बंद केले. तरी माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या. म्हणून 2015 साली बाटली 3 मिलिलिटरच्या वर नको असा हुकूम निघाला. 2023 मध्ये गुरांसाठी किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅकवर, तर 2024 च्या अखेरीस निमेसुलाइडवर बंदी आली. आमच्या मते कायद्यापेक्षा दुकानदाराची आणि गोठेवाल्याची सवय बदलणे अवघड आहे. मेलोक्सिकॅम गिधाडांना बाधत नाही, हे तपासून सिद्ध झालेले आहे. गुरांच्या डॉक्टरकडे तेच मागावे.

गिधाडे गेल्यावर मुडदे कुत्र्यांच्या वाट्याला आले, पाणी नासले. 2024 मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, की 2000 ते 2005 या काळात भारतात यामुळे सुमारे 5 लाख माणसे जादा मेली. गिधाड वर्षाला एकच अंडे घालते, वयात यायला पाचेक वर्षे लागतात. त्यामुळे ही भरपाई घाईची नाही. हरियाणातल्या पिंजोर केंद्रात वाढवलेली गिधाडे 2024 साली पेंच आणि ताडोब्यात सोडली. आपल्या जिल्ह्यात हरसूलजवळ खोरीपाड्याला वनखाते त्यांच्यासाठी मेलेली जनावरे ठेवते.

आता खरेदीदाराची गोष्ट. टोचलेले औषध जनावराच्या मांसात आणि दुधात काही दिवस राहते. किती दिवस थांबायचे ते औषधाच्या कागदावर लिहिलेले असते, पण तो कागद बहुधा गोठ्यातच फेकला जातो. बकरा किंवा दुभती म्हैस घेताना आपण दात पाहतो, कास पाहतो. त्याच वेळी गेल्या पंधरवड्यात कोणते इंजेक्शन दिले, कोणत्या तारखेला, हेही विचारावे आणि विकणाऱ्याने बाटली दाखवावी. जनावर उपचार चालू असताना मेले, तर कातडे काढल्यावर मुडदा उघड्यावर टाकू नये, खोल पुरावा.