पाणी मुरतं कुठे?

रोज कूलंट घालावं लागतं, पण जमिनीवर थेंब नाही. डिझेल ट्रकचा मालक इथेच चक्रावतो. नायट्रोजनची विषारी ऑक्साइडं कमी व्हावीत म्हणून थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडतात. त्याआधी तो थंड करतो ईजीआर कूलर. हा कूलर तडकला की कूलंट पांढरी वाफ होऊन धुरातून निघून जातं. सिलिंडरमध्ये साचलं तर इंजिनच बसतं. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. अमेरिकेत फोर्डच्या २००३ ते २००७ च्या ६.० लिटर डिझेल ट्रकांत नवा कूलरही अनेकदा पुन्हा फुटे. कूलंट आधी ऑइल कूलरमधून येई आणि तोच गाळाने तुंबलेला असे. थकलेलं कर्ज नुसतं नवं करून देऊ नये, ते का थकलं हे आधी पाहावं, असं आम्ही बँकेत शिकलो. मिस्त्रींनाही तेच विचारावं: जुना का फुटला?