हाताची पारख आणि मनाचा कौल

भिवंडी असो, मालेगाव असो, जुना कापड व्यापारी सगळे थान उघडून बसत नाही. कापडाचा काठ दोन बोटांत धरतो, अंगठा फिरवतो आणि सांगून टाकतो, "सुतात भेसळ आहे," किंवा "खळ जास्त आहे, एका धुण्यात अंग जाईल." कसे कळले म्हणून विचारा, तो म्हणेल, हाताला कळते. मग भिंग लावून ताण्या-बाण्याचे धागे मोजा, धागा जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. बहुतेक वेळा हाताचेच म्हणणे खरे निघते. यंत्रमागावरचा जाणता कारीगरही खडखडाट ऐकून सांगतो की कुठला माग बिघडणार. उर्दूत याला विजदान म्हणतात, मराठी पुस्तकात अंतःप्रेरणा. बाजारात मात्र "मन घेत नाही" एवढ्यावर काम भागते.

काही लोकांना ही जन्माची देणगी वाटते, काहींना नुसता वहम. खरी गोष्ट दोन्हींपेक्षा साधी आहे. गॅरी क्लाइन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आग विझवणाऱ्या जवानांच्या मुलाखती घेतल्या. एका तुकडीच्या नायकाने किस्सा सांगितला. घराच्या मागच्या बाजूला स्वयंपाकघरात आग होती, जवान पाणी मारत होते. नायकाला एकदम काही तरी चुकते आहे असे वाटले, त्याने सर्वांना बाहेर काढले आणि लगेच ते उभे होते ती जमीनच खाली कोसळली. आग खरी तळघरात होती! नायक याला दैवी शक्ती समजत होता. क्लाइनने खोदून विचारले तेव्हा कारणे निघाली : पाणी मारूनही आग दबत नव्हती, उष्णता नको तेवढी होती आणि आवाज मात्र फार कमी होता. वर्षानुवर्षे पाहिलेल्या आगींशी ही आग जुळत नव्हती. १९७८ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे हर्बर्ट सायमन हेच म्हणत, की अंतःप्रेरणा म्हणजे ओळख पटणे, दुसरे काही नाही.

मग मनाचे नेहमी ऐकावे का? डॅनियल कानेमन यांना २००२ साली नोबेल मिळाले, त्यांचे सारे काम माणसाचा अंदाज कुठे फसतो यावर होते. ते आणि क्लाइन एकमेकांच्या विरुद्ध बाजूचे. पण २००९ साली दोघांनी मिळून एक लेख लिहिला आणि दोन अटींवर त्यांचे एकमत झाले. कामात कायम टिकणारा काही नियम असावा, आणि माणसाला बराच काळ सराव करून आपले बरोबर की चूक हे लवकर कळत जावे. आपल्याला किती खात्री वाटते, याला काही किंमत नाही.

या तराजूत आपला धंदा घालून पाहा. कापडाची पारख दोन्ही अटींत बसते. सूत बदलत नाही आणि निकाल एका धुण्यात लागतो. कापसाचा भाव मात्र एकाही अटीत बसत नाही. मे २०२२ मध्ये ३५६ किलोच्या खंडीचा भाव १ लाख रुपयांपर्यंत चढला होता. "मन सांगते, अजून चढणार," म्हणून ज्यांनी गोदामे भरली, त्यांनी वर्ष संपायच्या आत भाव कितीतरी खाली येताना पाहिला. आपल्याला आधीच कळले होते असे सांगणारेही पुष्कळ भेटतात, पण सगळे नंतर भेटतात.

खरी अडचण उधारीची आहे. नव्या गिऱ्हाइकाला ९० दिवसांच्या मुदतीवर माल द्यायचा की नाही, हे आपण बहुधा तोंड पाहून ठरवतो. निकाल तीन महिन्यांनी लागतो. आणि ज्याला नकार दिला तो चांगला निघाला असता का, हे तर कधीच कळत नाही. म्हणून आपला नकार आपल्याला नेहमीच बरोबर वाटतो! अशा "मन घेत नाही"मध्ये पारख किती असते आणि माणूस दुसऱ्या गावचा, गरीब कपड्यांतला किंवा घरी चार मशीन चालवणारी बाई आहे याचा हिशेब किती, हे ज्याने त्याने पाहावे. बँकेचा साहेब आपला मोहल्ला ऐकून फाइल बाजूला सारतो तेव्हा आपण चिडतो. त्याचेही मनच घेत नसते.

कानेमन यांनी ऐन तरुणपणी, १९५० च्या दशकात, इस्राएली सैन्यात भरतीच्या मुलाखतींसाठी एक रीत घालून दिली होती. सैन्य कुणाचे ते सोडा, रीत घेण्यासारखी आहे. आधी मुलाखती नुसत्या अंदाजावर चालत आणि त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य होता. कानेमननी सहा गुण ठरवले, प्रत्येकाची वेगळी चौकशी आणि १ ते ५ आकडा. सगळे झाल्यावरच मुलाखत घेणाऱ्याने डोळे मिटून आपल्या मनाचा आकडा द्यायचा. पुढे तपासले तर सहा गुणांची बेरीज चांगली निघाली, आणि शेवटी दिलेला मनाचा आकडाही तितकाच चांगला. तेच मन, फक्त चौकशीनंतर विचारले.

उधारीला हे सहज लागू होते. किती वर्षे धंद्यात, आधीच्या दोन व्यापाऱ्यांचे पैसे वेळेवर दिले का, जीएसटीची विवरणे भरतो का (नंबर टाकला की पोर्टलवर दिसते), दुकान किंवा माग स्वतःचे की भाड्याचे, दलाल किती जबाबदारी घेतो, पहिली मागणी ऐपतीला धरून आहे का. आकडे कागदावर लिहा, मग डोळे मिटा. दलालाने घाई केली तरी मनाचा आकडा आधी लिहू नका. तारीख टाकून तो कागद उधारीच्या वहीतच ठेवा आणि पैसे आले किंवा बुडाले की शेजारी नोंद करा. नकार दिलेल्यांचेही कागद ठेवा. वर्षभराने बाजारात चौकशी केली तर त्यांतल्या काही जणांचा तरी पत्ता लागतो.