एन.बी.ए.मधील सर्वाधिक विजेतेपदे मिळवणारे खेळाडू

एन.बी.ए. अर्थात नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत खेळाडू म्हणून सर्वाधिक विजेतेपदे मिळवण्याचा विक्रम बॉस्टन सेल्टिक्स संघाचा बिल रसेल (१२ फेब्रुवारी १९३४ – ३१ जुलै २०२२) याच्या नावावर आहे. १९५६-५७ ते १९६८-६९ या तेरा हंगामांत त्याचा संघ अकरा वेळा विजेता ठरला. त्याचा सहकारी सॅम जोन्स याच्या नावावर दहा विजेतेपदे आहेत. सात किंवा त्याहून अधिक विजेतेपदे मिळवलेले खेळाडू केवळ नऊ असून त्यांपैकी आठ जण याच कालखंडातील सेल्टिक्स संघाचे आहेत. त्यामुळे या विक्रमाची यादी वरवर व्यक्तींची दिसत असली, तरी प्रत्यक्षात ती बव्हंशी एका संघाचाच इतिहास आहे.

गणनेची पद्धत

विजेत्या संघाच्या त्या हंगामातील प्रत्येक खेळाडूच्या नावे एक विजेतेपद मोजले जाते. अंतिम सामन्यात चाळीस गुण करणारा आणि बाकावरून क्वचितच उठलेला, असे दोघेही या मोजणीत समान ठरतात. प्रशिक्षक म्हणून मिळवलेली विजेतेपदे खेळाडूच्या खात्यात धरली जात नाहीत. टॉम हाइनसन याने १९७४ व १९७६ साली आणि के. सी. जोन्स याने १९८४ व १९८६ साली प्रशिक्षक या नात्याने सेल्टिक्सला विजेतेपद मिळवून दिले. पण त्यांच्या आठ विजेतेपदांत यांचा समावेश नाही. रसेल १९६८ व १९६९ साली खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही भूमिकांत होता, म्हणून ती दोन वर्षे मात्र मोजली जातात.

एन.बी.ए. ही स्पर्धा १९४६ साली बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका या नावाने सुरू झाली. १९४९ साली नॅशनल बास्केटबॉल लीग या जुन्या संघटनेचे तिच्यात विलीनीकरण होऊन तिला आजचे नाव मिळाले. त्या जुन्या संघटनेतील विजेतेपदे एन.बी.ए.च्या नोंदीत धरत नाहीत. मिनियापोलिस लेकर्सचा उंच खेळाडू जॉर्ज मायकन याच्या नावावर म्हणूनच पाच विजेतेपदे दिसतात. १९४७ व १९४८ सालची दोन धरली असती, तर ती सात झाली असती.

प्रमुख खेळाडू

अकरा विजेतेपदे: बिल रसेल (१९५७, १९५९ ते १९६६, १९६८, १९६९).
दहा विजेतेपदे: सॅम जोन्स (१९५९ ते १९६६, १९६८, १९६९).
आठ विजेतेपदे: टॉम हाइनसन, के. सी. जोन्स, सॅच सँडर्स आणि जॉन हॅव्हलिचेक.
सात विजेतेपदे: फ्रँक रॅमझी, जिम लॉस्कुटॉफ आणि रॉबर्ट हॉरी.
सहा विजेतेपदे: बॉब कूझी, करीम अब्दुल-जब्बार, मायकेल जॉर्डन आणि स्कॉटी पिपेन.

पाच विजेतेपदे मिळवणाऱ्यांत मायकन याच्याखेरीज मॅजिक जॉन्सन, कोबी ब्रायंट, टिम डंकन, डेनिस रॉडमन, स्टीव्ह कर इत्यादी खेळाडू येतात. लेब्रॉन जेम्स व स्टीफन करी यांची प्रत्येकी चार विजेतेपदे आहेत.

१९५६ सालची निवड

१९५६ पूर्वी सेल्टिक्सने एकदाही विजेतेपद मिळवले नव्हते. बॉब कूझीसारखा चेंडू पुरवणारा आणि बिल शर्मनसारखा अचूक नेमबाज संघात होता, गुणही भरपूर होत. परंतु हुकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या आधी पकडणारा कोणी नव्हता. ही उणीव प्रशिक्षक रेड आउरबॅक याने ओळखली. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाला १९५५ व १९५६ असे सलग दोन वर्षे राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपद मिळवून देणारा रसेल त्याला हवा होता.

एन.बी.ए.मध्ये नवोदित खेळाडूंची वार्षिक निवड 'ड्राफ्ट' पद्धतीने होते व दुबळ्या संघांना आधी निवड करण्याची संधी मिळते. त्या वर्षी पहिली संधी रॉचेस्टर रॉयल्सची आणि दुसरी सेंट लुइस हॉक्सची होती. रॉचेस्टरने सायह्यूगो ग्रीन याला घेतले. आउरबॅकने सेंट लुइसला आपला नामवंत खेळाडू एड मकॉली आणि क्लिफ हेगन हे दोघे देऊन दुसऱ्या क्रमांकाची निवड, म्हणजे रसेल, आपल्याकडे घेतला. मकॉली मूळचा सेंट लुइसचाच असल्याने त्यानेही या बदलास संमती दिली. हाइनसन आणि के. सी. जोन्स हेही याच वर्षीच्या निवडीत सेल्टिक्सकडे आले. एका वर्षाच्या निवडीतून एकाच संघाला मिळालेल्या या तिघांची विजेतेपदे पुढे सत्तावीस झाली. हा सौदा सेंट लुइसला अगदीच तोट्याचा गेला, असेही नाही. १९५८ साली त्यांनीच सेल्टिक्सला हरवून विजेतेपद मिळवले. त्या अंतिम मालिकेतील तिसऱ्या सामन्यात रसेलचा घोटा दुखावला होता.

पुढील वर्षी, म्हणजे १९५७ साली, आउरबॅकने सॅम जोन्स याला निवडले, ते त्याचा एकही सामना न पाहता. नॉर्थ कॅरोलायनातील एका लहान कृष्णवर्णीय महाविद्यालयाचा हा खेळाडू चेंडू फळीवर आपटून जाळीत टाकण्यात पुढे अत्यंत निष्णात ठरला.

रसेलचा खेळ

रसेलची सरासरी सामन्यामागे १५.१ गुणांची आहे. एवढ्या गुणांचे खेळाडू प्रत्येक काळात डझनांनी सापडतात. त्याचे मोठेपण बचावात होते. बचाव करणाऱ्याने पाय जमिनीवरून उचलू नयेत, अशी त्या काळच्या प्रशिक्षकांची शिकवण असे. रसेल मात्र उंच उडी घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या हातून सुटलेला चेंडू हवेतच अडवी. चेंडू अडवून तो प्रेक्षकांत भिरकावून देण्याऐवजी हलकेच सहकाऱ्याकडे ढकलणे, ही त्याची खरी खासियत होय. चेंडू मैदानाबाहेर गेला, तर तो पुन्हा प्रतिस्पर्ध्यालाच मिळतो. सहकाऱ्याकडे गेला, तर तेथूनच आक्रमण सुरू होते. कूझीच्या वेगवान चढाया बहुधा अशा चेंडूंवरच उभ्या राहत.

हुकलेले चेंडू पकडण्याची, म्हणजे रिबाउंडची, त्याची सरासरी २२.५ आणि एकूण संख्या २१,६२० आहे. त्याने किती फटके अडवले, हे मात्र सांगता येत नाही, कारण एन.बी.ए.ने त्यांची अधिकृत नोंद १९७३-७४ च्या हंगामापासून ठेवण्यास सुरुवात केली. ज्या कौशल्यावर अकरा विजेतेपदे उभी आहेत, तेच कौशल्य आकडेवारीच्या तक्त्यात नसावे, हे रसेलविषयीच्या वादाचे एक मूळ कारण आहे.

त्याची तुलना नेहमी विल्ट चेंबरलेन याच्याशी होते. चेंबरलेनने १९६१-६२ च्या हंगामात सरासरी ५०.४ गुण केले आणि २ मार्च १९६२ रोजी एकाच सामन्यात शंभर गुणांचा विक्रम नोंदवला. विजेतेपदे मात्र त्याला दोनच मिळाली (१९६७ आणि १९७२). त्यांपैकी पहिल्याच्या वेळी त्याच्या फिलाडेल्फिया संघाने सेल्टिक्सची सलग आठ विजेतेपदांची मालिका खंडित केली. चेंबरलेनचे सहकारी बराच काळ तुलनेने दुबळे होते, हेही लक्षात घेतले पाहिजे.

निर्णायक सामने

बाद फेरीतील मालिका सात सामन्यांची असते आणि चार सामने जिंकणारा संघ पुढे जातो. रसेल आपल्या कारकिर्दीत अशा मालिकांतील दहा सातवे सामने खेळला आणि दहाही त्याच्या संघाने जिंकले. आकड्यांवरून ही वर्चस्वाची कथा वाटते; सामने पाहिले, तर अनेक विजेतेपदे एका फटक्याच्या अंतरावरून आलेली दिसतात.

१९५७ सालचा सेंट लुइसविरुद्धचा सातवा सामना दोनदा जादा वेळेत गेला आणि सेल्टिक्सने तो १२५–१२३ असा जिंकला. कूझी व शर्मन या दोन अनुभवी खेळाडूंनी मिळून चाळीस फटक्यांपैकी केवळ पाच साधले होते. संघाला तारले, ते पहिल्याच वर्षी खेळणाऱ्या हाइनसन (३७ गुण) आणि रसेल (३२ रिबाउंड) यांनी. १९६२ साली लॉस एंजेलिस लेकर्सविरुद्धच्या सातव्या सामन्यात १००–१०० अशी बरोबरी असताना अखेरच्या क्षणी लेकर्सच्या फ्रँक सेल्व्ही याचा फटका हुकला. जादा वेळेत सेल्टिक्स ११०–१०७ असे विजयी झाले. त्या सामन्यात रसेलने ३० गुण आणि ४० रिबाउंड नोंदवले. सेल्व्हीचा तो चेंडू जाळीत पडला असता, तर अकराचा आकडा दहावर आला असता.

१९६९ साली वयस्क झालेला सेल्टिक्स संघ साखळीत पूर्व विभागात चौथा आला होता. समोर जेरी वेस्ट, एल्जिन बेलर व चेंबरलेन असलेला लेकर्स संघ आणि सातवा सामना त्यांच्याच मैदानावर. विजयोत्सवासाठी छताला फुगे बांधून ठेवलेले होते. शेवटच्या मिनिटांत सेल्टिक्सच्या डॉन नेल्सन याचा फटका कडीवर आदळून उंच उडाला आणि सरळ जाळीत पडला. सेल्टिक्स १०८–१०६ असे जिंकले. फुगे छतालाच राहिले. अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार त्याच वर्षी सुरू झाला होता. तो ४२ गुण करूनही पराभूत झालेल्या वेस्टला मिळाला. रसेल त्यानंतर निवृत्त झाल्याने त्याला हा पुरस्कार कधीच मिळाला नाही. २००९ पासून मात्र तो पुरस्कार बिल रसेल याच्याच नावाने दिला जातो.

विक्रमाचे मूल्यमापन

रसेलच्या काळातील विजेतेपदे तुलनेने सोपी होती, असा आक्षेप घेतला जातो. १९५७ साली स्पर्धेत केवळ आठ संघ होते आणि सेल्टिक्सला दोन मालिका जिंकून विजेतेपद मिळाले. आज तीस संघ असून चार मालिका जिंकाव्या लागतात. शिवाय तेव्हा संघाची इच्छा असेपर्यंत खेळाडू त्या संघाशी बांधलेला असे. ऑस्कर रॉबर्टसन या खेळाडूच्या नावाने १९७० साली दाखल झालेला दावा १९७६ मध्ये तडजोडीने मिटला आणि खेळाडूंना संघ बदलण्याची वाट मोकळी होऊ लागली. अनुभवी खेळाडूंना पूर्ण मोकळीक १९८८ साली मिळाली. १९८४-८५ पासून प्रत्येक संघाच्या वेतनखर्चावर मर्यादा आल्याने उत्तम खेळाडू वर्षानुवर्षे एकत्र ठेवणे कठीण झाले.

हा आक्षेप निराधार नाही, पण अपुरा आहे. कमी संघ म्हणजे प्रत्येक संघात अधिक दर्जेदार खेळाडू आणि त्याच बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांशी वारंवार गाठ. जे नियम सेल्टिक्सला लागू होते, तेच इतर सर्व संघांनाही होते. तरीही अकरा विजेतेपदे एकाच संघाला मिळाली. आउरबॅकच्या पद्धतीचाही त्यात वाटा होता. रॅमझी आणि नंतर हॅव्हलिचेक यांच्यासारख्या उत्तम खेळाडूंना तो सुरुवातीस बाकावर बसवी आणि प्रतिस्पर्धी थकू लागताच मैदानात उतरवी. 'सहावा खेळाडू' ही भूमिका तेथूनच रूढ झाली. लॉस्कुटॉफ गुण करण्यापेक्षा धसमुसळ्या बचावासाठी ओळखला जाई. त्याने आपला १८ क्रमांक निवृत्त करू नये अशी विनंती केली, म्हणून त्याच्या सन्मानार्थ क्रमांकाऐवजी 'लॉस्की' हे टोपणनाव झळकते.

नव्या व्यवस्थेत विजेतेपदे कशी जमतात, याचे उत्तम उदाहरण रॉबर्ट हॉरी हे आहे. ह्यूस्टन (१९९४, १९९५), लॉस एंजेलिस (२००० ते २००२) आणि सॅन अँटोनियो (२००५, २००७) अशा तीन संघांकडून त्याने सात विजेतेपदे मिळवली. तो एकदाही ऑल-स्टार सामन्यासाठी निवडला गेला नाही आणि त्याची सरासरी केवळ ७ गुणांची आहे. मात्र २००२ साली सॅक्रमेंटोविरुद्ध आणि २००५ साली डेट्रॉईटविरुद्ध अखेरच्या क्षणी त्याने साधलेले तीन गुणांचे फटके निर्णायक ठरले. जॉर्डनची विजेतेपदे हॉरीपेक्षा एकाने कमी आहेत. परंतु सहाही अंतिम मालिकांत सर्वोत्तम खेळाडू जॉर्डनच ठरला होता. केवळ विजेतेपदांची संख्या पाहून खेळाडूंचा क्रम लावू नये, हे या दोन नावांवरून पुरेसे स्पष्ट होते.

वर्णभेद आणि सेल्टिक्स

एन.बी.ए.च्या निवडीतील पहिला कृष्णवर्णीय खेळाडू चक कूपर याला सेल्टिक्सनेच १९५० साली निवडले. २६ डिसेंबर १९६४ रोजी सुरुवातीचे पाचही खेळाडू कृष्णवर्णीय असलेला पहिला संघ सेल्टिक्सनेच उतरवला. १९६६ साली रसेल एन.बी.ए.चा पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक झाला.

संघातील ही समानता संघाबाहेर नव्हती. १९६१ साली केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे प्रदर्शनीय सामन्यासाठी गेलेल्या सेल्टिक्सच्या कृष्णवर्णीय खेळाडूंना हॉटेलात खाद्यपदार्थ देण्यास नकार मिळाला. रसेल, सॅम जोन्स, के. सी. जोन्स, सँडर्स आदी खेळाडू सामना न खेळताच परतले. बॉस्टनजवळच्या रेडिंग या गावी रसेलच्या घरात घुसून नासधूस करण्यात आली आणि भिंतींवर वर्णद्वेषी मजकूर लिहिण्यात आला. ज्या परिसराला त्याने एकामागून एक विजेतेपदे मिळवून दिली, तेथेच हे घडले, याचा रसेलला विसर पडला नाही. १९७२ साली त्याच्या ६ क्रमांकाचा निवृत्ती समारंभ त्याच्या आग्रहावरून प्रेक्षक आत येण्यापूर्वी, मोजक्या सहकाऱ्यांसमवेत झाला. १९७५ साली नेस्मिथ बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली असता तो समारंभास गेला नाही. तेथील सन्मानाची अंगठी त्याने २०१९ साली स्वीकारली.

२०११ साली अध्यक्ष बराक ओबामा यांनी त्याला प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम प्रदान केले. २०१३ मध्ये बॉस्टनच्या सिटी हॉल चौकात त्याचा पुतळा उभारण्यात आला. त्याच्या निधनानंतर २०२२ साली एन.बी.ए.ने ६ हा क्रमांक सर्व संघांसाठी निवृत्त केला. असा सन्मान मिळालेला तो पहिलाच खेळाडू होय.

इतर स्पर्धा

अमेरिकेतील महिलांच्या डब्ल्यू.एन.बी.ए. स्पर्धेत रेबेका ब्रन्सन हिची पाच विजेतेपदे आहेत: एक सॅक्रमेंटो मोनार्क्सकडून (२००५) आणि चार मिनेसोटा लिंक्सकडून (२०११, २०१३, २०१५, २०१७). ह्यूस्टन कॉमेट्सने १९९७ ते २००० ही स्पर्धेची पहिली चारही विजेतेपदे पटकावली होती. युरोपातील क्लब संघांच्या सर्वोच्च स्पर्धेत इटलीचा दिनो मेनेगिन याने सात विजेतेपदे मिळवली. त्यांपैकी पाच वारेझे संघाकडून आणि दोन मिलानकडून आहेत.